नानांना घाई नाही

"नाना, जरा पाय आखडा, कुकर ठेवायचाय."

आवाज बाईचा होता आणि तो आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या शववाहिनीतून येत होता. स्कूटी सुरू करायला काढलेली किल्ली माझ्या हातातच राहिली. पांढरी गाडी. बाजूला निळ्या अक्षरांत 'स्वर्गरथ', त्याखाली 'मोफत सेवा', आणि त्याखाली खरवडून काढलेला फोन नंबर. मागचं दार हातभर उघडं होतं. आत बाकावर कुणीतरी आडवं पडलेलं, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीत, छातीवर झेंडूचा हार. आणि त्याच्या पायाशी बसून एक बाई छोट्या शेगडीवरच्या कुकरला शिट्टी बसवत होत्या.

"तिसऱ्या मजल्यावरची सई ना तू?" त्या म्हणाल्या. "बघत काय बसलीस? आत ये आणि दार लाव."

मी आत गेले. मला नाही म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात लोक पुढे निघून गेलेले असतात.

शरयू कारखानीस यांची आणि माझी ओळख अशी झाली. त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. एका सहकारी बँकेच्या लॉकर विभागातून निवृत्त झाल्या. उंच, सडसडीत, केस बॉयकट, चष्मा कायम दोरीला बांधलेला. काकू म्हटलेलं त्यांना चालत नाही. "मी कुणाच्या काकाची बायको?" असं त्या आमच्या सेक्रेटरींना भर मीटिंगमध्ये विचारून मोकळ्या झाल्या होत्या. मावशी चालतं. मावशी व्हायला लग्न करावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी त्यांनी चादरीचं टोक उचलून मला नाना दाखवले. नाना म्हणजे एक लांबलचक लोड होता, गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा, पोटाला चेन लावलेला. चेन उघडली की कापूस, कापसात एक स्टीलचा चपटा डबा, आणि डब्यात मावशींच्या जवळचं जे काही मोलाचं आहे ते सगळं. त्यात त्यांच्या आईच्या पाटल्या होत्या. त्या पाटल्या मावशींच्या लग्नात मावशींच्या हातात जायच्या होत्या. लग्न काही झालं नाही, मग त्या हातात गेल्याच नाहीत. आईही गेली. पाटल्या नानांकडे आल्या.

गाडीमागचा हिशोब सरळ होता. निवृत्तीनंतर मावशींना फिरायचं होतं, आणि हॉटेलात राहायचं नव्हतं. हॉटेलच्या खोलीला दुसरी किल्ली असते, आणि दुसरी किल्ली काय चीज आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. बँकेत लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची. नोकरीभर बँकेची किल्ली म्हणजे मावशी. किल्ली फिरवायची, पाठ वळवायची आणि बाहेर निघून जायचं, असा नियम. लोकांनी आत काय ठेवलंय ते त्यांनी कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. सोनं ठेवताना आवाज जड येतो, चांदी बडबडी असते, आणि नुसता कागदांचा आवाज आला की त्या घरात भांडण ठरलेलं, असं त्या सांगायच्या.

म्हणून त्यांनी झोपता येईल, स्वयंपाक करता येईल अशी गाडी घ्यायचं ठरवलं. अशा गाड्या पाहायला त्या बऱ्याच ठिकाणी गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारून परत आल्या: मी जेवायला उतरले की गाडीकडे कोण बघणार? गाडीला गजर बसवता येईल, कॅमेरा बसवता येईल, असं विकणारे सांगत. मावशी हसत. "कुलूप दिसलं की चोराला कळतं, आत काहीतरी आहे," हे त्यांचं पेटंट वाक्य. तांदळाचा डबा, कुकर आणि गादीची खालची बाजू, या जागा चोराला त्याच्या आईनेच शिकवलेल्या असतात म्हणे. शेवटी पनवेलकडच्या एका मंडळाने जुनी शववाहिनी विकायला काढली तेव्हा त्यांना उत्तर सापडलं. आरटीओतून कागद बदलून घेतले. आत शेगडी, पाण्याची टाकी, पडदे बसवले. बाहेरची अक्षरं मात्र तशीच ठेवली.

"चोराला लाज नसते गं," त्या मला म्हणाल्या. "पण विटाळ असतो."

सोसायटीत अर्थातच आरडाओरडा झाला. माझ्या आईने तर स्पष्ट सांगितलं, त्या गाडीत पाय ठेवलास तर आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही. तरी मी रविवारी मावशींबरोबर जायला लागले. महाप्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करते, आठवडाभर चार भिंती आणि हेडफोन. मावशींबरोबर बोलावं लागत नाही, त्या दोघींचं बोलतात. मी मान हलवते. सुट्टीतही ऑफिसचा लॅपटॉप जवळ ठेवावा लागतो, तो मावशी पहिल्या दिवसापासून नानांच्या पोटात ठेवत. वर चादर, चादरीला सुतळीचे चार वेढे, वर हार. हार ताजा नको, हा त्यांचा आग्रह. ताजा हार समारंभासारखा दिसतो.

युक्ती विलक्षण चालायची. आम्ही ढाब्यावर तासभर जेवत बसलो तरी गाडीच्या आसपास कुणी फिरकत नसे. कुत्री लांबून बघत. टोलवर गाडी थांबायच्या आधीच आडवा बांबू वर जायचा. आम्ही पैसे द्यायला हात बाहेर काढला, तर माणूस हात जोडायचा. कुणी फारच चौकशी केली तर मावशी आवाज खाली आणून म्हणायच्या, "चेहरा बघण्यासारखा राहिला नाही." पुढे कुणी विचारत नसे. नानांचा इतिहासही असाच तयार होत गेला. कर्जतला ते पोस्टमास्तर होते, अलिबागला गणिताचे शिक्षक. एकदा एका म्हाताऱ्याने गणित शिकवणारे नाना आपल्याला आठवतात असं सांगून डोळे पुसले. 

मला मात्र त्या गाडीत कधीच पूर्ण बरं वाटलं नाही. कितीही डाळभात शिजवला तरी कापराचा वास जायचा नाही. आम्ही जिथून जाऊ तिथलं बोलणं थांबायचं. दुकानातली माणसं उभी राहायची, आणि त्यांची नजर पुढच्या सीटवर बसलेल्या माझ्याकडे यायची, कीव करत. मग मीही मान खाली घालायचे. असं बऱ्याचदा झाल्यावर मला खरंच आपलं कुणीतरी गेलंय असं वाटायला लागलं. कोण, ते आठवत नसे. मागे वळून पाहिलं की वाऱ्याने चादर छातीपाशी फुगायची आणि खाली बसायची. एकदा खड्ड्यात नानांचा हात बाहेर आला. मी ओरडलेसुद्धा नाही, इतकी घाबरले. ती लॅपटॉपच्या चार्जरची वायर होती.

आता उरणची गोष्ट सांगते.

दुपारची वेळ होती. आम्ही कंटेनर यार्डांच्या मागच्या रस्त्याने समुद्राकडे निघालो होतो. त्या भागात माणसांपेक्षा कंटेनर जास्त, एकावर एक रचलेले, खिडक्या नसलेल्या इमारतींसारखे. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली मिठागरं, पांढरी, सपाट, वर ऊन थरथरणारं. मधल्या नाक्यावर ट्रेलरांची रांग अडकली होती. आम्ही कसेबसे निसटलो, पण आमच्यामागे त्या बाजूने कुणालाच येता-जाता येत नव्हतं. चहाच्या टपरीपाशी मावशींनी गाडी सावलीला घेतली.

आम्ही उतरायच्या आत एक म्हातारा मावशींच्या खिडकीशी आला. सदरा, टॉवेल, पायात चप्पल नाही. समोर डॉक्टरांचा दवाखाना होता. त्याच्या पायरीवर दोन बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये चटईवर लुगड्यातलं काहीतरी लहानसं झाकून ठेवलेलं.

"बाय, तुमची गारी हाय म्हनून ईचारतो," तो म्हणाला. "आमची बायकू गेली."

हळूहळू कळलं ते असं. सकाळी तिला दम लागला म्हणून गावाहून रिक्षाने आणलं होतं. डॉक्टरांनी पाहिलं आणि कागद लिहून दिला. आता रिक्षावाला नेईना. पनवेलहून गाडी मागवली होती, ती ट्रेलरांच्या रांगेत कुठेतरी अडकलेली. गाव खाडीपलीकडे, लांब नाही, आणि त्या बाजूचा रस्ता मोकळा होता. पण ऊन वाढत होतं, आणि ऊन वाढलं की काय होतं ते म्हातारा बोलला नाही.

मावशी उतरल्या आणि त्यांनी मागचं दार उघडलं. मला वाटतं, आत नाना आहेत हे त्या क्षणी त्याही विसरल्या होत्या. म्हाताऱ्याने आत बघितलं. पांढरी चादर, सुतळी, हार. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात जोडले.

"तुमचा पन मानूस हाय आतमदी. नको मंग. आमी थांबतो."

गाडीत बाक एकच. खाली टाकी आणि शेगडी. मी मावशींकडे पाहिलं. हा लोड आहे, एवढं म्हणायचं होतं. पण ते कसं म्हणणार? पायरीवरच्या बायका आता उभ्या राहिल्या होत्या आणि नानांना नमस्कार करत होत्या. मावशींचा हात दाराच्या कडीवर घट्ट झालेला मला दिसला. ज्या बाईने बँक, हॉटेल, कपाट, शेजारी, कुणावरच कधी भरवसा टाकला नाही, तिचं सगळं त्या चादरीत होतं.

"नाना थांबतील," मावशी म्हणाल्या. "नानांना घाई नाही."

ट्रेलरच्या चार ड्रायव्हरांनी नानांना उचललं. एक जण म्हणाला, माणूस हलका आहे. मावशी म्हणाल्या, फार दिवस आजारी होते. उतरवताना आतून खळ्ळकन आवाज आला. ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं, पण अशा वेळी कोण काय विचारणार. टपरीच्या मागे सावलीत बाकडं होतं, त्यावर नानांना ठेवलं. टपरी चालवणाऱ्या बाईला, सगळे तिला ताराबाय म्हणत होते, मावशींनी एवढंच सांगितलं, ह्यांना पोचवून येते. आणि चेहरा उघडू नका, असंही सांगितलं. हे सांगताना मात्र आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला नव्हता. तो आपोआपच गेला होता.

गाडीत मला मागे बसवलं. "तू बस त्यांच्यापाशी," मावशी म्हणाल्या, आणि मी बसले. बायका पुढे मावशींशेजारी दाटीवाटीने बसल्या. मागे म्हातारा, मी आणि ती. तिचं नाव कमळी. तिच्यावर घातलेली चादर पुरेशी नव्हती, तिची पावलं उघडी होती, टाचांना भेगा, एका बोटात जोडवं. गाडी हलली की ती पावलं हलायची. ज्या बाकावर मी इतके रविवार नुसता कापूस पाहिला होता, तिथे आता कुणीतरी होतं. आणि गंमत अशी, की त्या गाडीत मला पहिल्यांदाच भीती वाटत नव्हती. भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची.

म्हातारा पायांशी बसून तिचा अंगठा धरून होता, आणि तिच्याशी बोलत होता. रडत नव्हता, रस्ता सांगत होता. "कमळे, नाका गेला. आता बांध आला गो. आता शाळा." न सांगता नेलं तर तिला परतीची वाट कळणार नाही, असं काहीसं तो मला म्हणाला. नंतर खाडीचा पूल जवळ यायला लागला आणि त्याचा आवाज बसला. त्याने दोनदा तोंड उघडलं, काही आलं नाही. मग माझ्याकडे वळला.

"तू सांग गो बाय. पूल हाय म्हनून सांग."

दोन-तीन शब्दच होते. मला ते माहीत होते. तोंडात आले, आणि तिथेच राहिले. ज्या बाईला मी ओळखत नव्हते तिला हाक मारायची, आणि तीही दुसऱ्यांसमोर. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. पूल सुरू झाला. चाकांचा आवाज पोकळ झाला.

"कमळाबाई," पुढच्या जाळीतून मावशींचा आवाज आला, लॉकर नंबर पुकारायचा तसा, खणखणीत. "पुलावर आलोय हं. डावीकडे पाणी आहे, भरती दिसतेय. पुढे खड्डा आहे, सांभाळा."

आणि खड्ड्याशी त्यांनी गाडी इतकी हळू घेतली, की मागचा टेम्पो थांबून राहिला. मग पुढचा सगळा रस्ता मावशींनीच सांगितला. झाड आलं, देऊळ आलं, उजवीकडे वळतोय. मधेच म्हातारा सुधारून देई, ते देऊळ नव्हे, वाचनालय हाय. मावशी म्हणत, वाचनालय आलं, कमळाबाई, माझी चूक झाली.

गावात तिला उतरवून घेतलं. बायकांचा एकच आकांत उठला. कुणीतरी आमच्या हातावर पाणी घातलं. आम्ही थांबलो नाही.

परतताना मी पुढे बसले.  मी मनात काय काय बघत होते. सुतळी सुटलेली, चेन उघडलेली, डबा नाही, पाटल्या नाहीत. किंवा त्याहून वाईट, सगळं जागेवर आणि भोवती संतापलेली माणसं, कापूस हातात घेऊन उभी. मेलेल्या माणसाची थट्टा केली म्हणून लोक काय करतील? मावशींनाही तेच दिसत असावं. त्यांनी गाडी कधी नव्हे इतकी जोरात हाणली होती.

टपरीपाशी पोचलो तर स्टोव्ह बंद होता. कपबशा पालथ्या घातलेल्या. ट्रेलरची रांग सुटली होती, पण ते चार ड्रायव्हर गेले नव्हते, टोप्या काढून उभे होते. बाकड्यावर नाना जसेच्या तसे, वेढा न् वेढा शाबूत. उशाशी अर्ध्या बटाट्यात उदबत्ती खोचलेली. छातीवर झेंडूशेजारी तुळस. तोंडाच्या जागी चादर ओली होती, कुणीतरी तुळशीच्या पानाने पाणी घातलं होतं, आणि बरंच घातलं होतं. तिथून खाली, साधारण माझा लॅपटॉप असतो तिथपर्यंत, ओल उतरली होती. ताराबाय उशाशी बसून पदराने माश्या वारत होती.

मावशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या. चेनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही धंदा बंद ठेवलात," त्या म्हणाल्या.

"येकटा कसा ठेवाचा?" ताराबाय म्हणाली. मग तिने विचारलं, "कोन व्हते तुमचे?"

मी वाट बघत होते. पोस्टमास्तर, शिक्षक, काहीतरी येईल. मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

ताराबायने वेगळंच धरलं. तिने पदर सावरला आणि नानांच्या कपाळाच्या जागी हळूच हात ठेवला. "कोनी नाय? मंग तं बसायलाच पायजे व्हता."

चहाचे पैसे तिने घेतले नाहीत. आम्ही चहा प्यायलोही नव्हतो, तरी मावशी देत होत्या. ड्रायव्हरांनी नानांना परत गाडीत ठेवलं, या वेळी खळ्ळ झालं तरी कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मिठागरांपाशी मावशींनी गाडी थांबवली. मी मागे जाऊन चेन उघडली. कापूस भिजला होता. लॅपटॉपमधून पाणी गळलं. डबा कोरडा, पाटल्या आत. मी तो डबा पुढे आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उघडला नाही. काचेतून समोर बघत राहिल्या. लांबवर कंटेनर उचलणाऱ्या क्रेन उभ्या होत्या, मान वर केलेल्या, हलत नसलेल्या.

"माझं सोपं आहे," मावशी म्हणाल्या. कुकरला किती पाणी घालायचं ते सांगावं तशा. "गाडी आपलीच आहे. कुणाला फोन करायला नको, थांबायला नको. मागे कुणीतरी बसावं लागतं, ते मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." थोडा वेळ त्या चष्म्याच्या दोरीची गाठ घट्ट करत राहिल्या. "वॉचमनला सांगून ठेवीन. दिवाळीला त्याला देतेच मी काहीतरी. बसेल तो. नावड्याच्या स्मशानापर्यंतचा रस्ता काय, त्याला पाठ आहे."

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. एरवी मी इथे मान हलवली असती.

"वॉचमन नको," मी म्हटलं. "मी बसेन, मावशी. वळण आलं की सांगेन."